कोमट बूट

१

बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकमधल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, तिसऱ्या रांगेच्या अगदी पोटात, तिरक्या छताची एक खोली होती. तिथे धारेची ताई बसायची. तिला नाव होतं, पण बर्फावर खेळायला येणाऱ्यांना त्याची कधी गरज पडली नाही. "ताई, शनिवारपर्यंत धार लागेल ना?" एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. धारेचं चाक फिरायला लागलं की खोलीत दुसरा आवाज शिरत नसे. ते थांबलं की समोरच्या काचेच्या झरोक्यातून बर्फावर घासणाऱ्या, बुटांखालच्या पात्यांची सरसर ऐकू येई.

हे काम तिने बाबांकडून उचललं होतं. बाबा हिवाळ्याच्या तोंडाशी गेले. शेवटची सहा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, आणि सोमवारी रिंक बंद असल्यामुळे तिचा सोमवार त्यांचा होता. त्यांची आंघोळ, नखं, चादरी यांत दिवस कधी मावळायचा कळत नसे. आता सोमवार नुसता अंगावर यायचा. भाऊ लांब राहायचा. वहिनी रविवारी फोन करायची, "जेवलात का हो वन्सं?" असं विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत "बरं, ठेवते हं" म्हणायची.

मग सोमवारी जेवण झालं, भांडी विसळून पालथी घातली की ताई पलंगावर आडवी होई आणि डोळे मिटून चॅम्पियन बाईंचा नाच पहिल्यापासून आठवायला घेई.

अडतीस वर्षांपूर्वी, नुकतंच जगज्जेतेपद घेऊन आलेल्या चॅम्पियन बाई याच रिंकवर चार मिनिटं नाचल्या होत्या. ताई तेव्हा चौदा वर्षांची. लाल स्वेटर घालून तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत बसली होती. त्या चार मिनिटांतलं तिला सगळं पाठ होतं. पहिली उडी, दुसरी, मग ते उलटं, पाठमोरं, लांबच लांब वळण आणि त्याच्या टोकाला तिसरी उडी. ती उडी घेताना बाई किंचित थांबल्यासारख्या वाटायच्या, जसं कुणी जिना उतरताना मधेच काही आठवून थबकतं. शेवटी मधोमध येऊन, हात वर करून, त्या तिसऱ्या रांगेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नेमकी तेव्हाच बाबांनी खालून हाक मारली. ताई पायऱ्या उतरून धावली. त्यामुळे आठवणीत टाळ्यांनंतर काही नव्हतं. टाळ्या झाल्या की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. सोमवारची एक दुपार पाच-सहा वेळा तरी अशी फिरून येई.

त्याने तिला बरं वाटायचं. दुसरं कुणाला त्याचा त्रास होत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

२

बाबा जाऊन महिना-दीड महिना झाला असेल. एका गुरुवारी कापडी पिशवी घेऊन एक बाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. पंचावन्नच्या आसपासच्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या.

"धार लावून हवी होती," त्या म्हणाल्या. "बहिणीचे आहेत. तुम्ही ओळखत असाल तिला."

पिशवीतून पांढरे बूट निघाले. घोट्याजवळची घडी, डाव्या बुटाच्या बदललेल्या कड्या... ताईने वर्तमानपत्रांतल्या फोटोंत ते इतक्यांदा पाहिले होते की बहिणीने नाव घेण्याआधीच तिने ते ओळखले. चॅम्पियन बाई पाच वर्षांपूर्वी गावात परत आल्या, धाकट्या बहिणीकडे राहतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. दिसल्या मात्र कुणालाच नव्हत्या.

"त्या पुन्हा खेळतात?" ताईने विचारलं.

बहीण पिशवीची घडी करत राहिली. "ती म्हणाली, धार लावून आण. मी आणले."

त्या दिवशी ताईने बाकीचं सगळं काम बाजूला सारलं. पात्याला मधोमध एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा. उजव्या पात्याची बाहेरची कड पार बोथट झाली होती. बाई नेहमी उजव्या पायावर, बाहेरच्या कडेवर उतरायच्या. माणूस आवाजावरून ओळखावा तशी ताईने ती झीज ओळखली. आणि झीज ताजी होती. जुन्या झिजेवर काळपट गंज धरतो. ही चकचकत होती.

पुढच्या गुरुवारी बहीण पुन्हा आली. बूट पुन्हा तसेच बोथट. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. ताई घरी जाताना स्वतःशीच हसायची. बाई कुठेतरी गुपचूप खेळतायत आणि हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, या विचाराने तिला दोन घास जास्त जात.

३

चौथ्या गुरुवारी तिने नाडी सैल करून बुटाची जीभ बाहेर ओढण्यासाठी आत हात घातला आणि तसाच झटकन काढला.

बूट आतून कोमट होता.

आपण कुणाच्या खुर्चीत बसावं आणि तो माणूस नुकताच उठून गेल्याचं कळावं, तशी ती ऊब होती. तिने दुसऱ्या बुटात हात घातला. तोही तसाच. अस्तर ओलसर होतं आणि बोटांना पायाच्या बोटांचे पाच खळगे लागत होते.

बाहेर रस्त्यावर पाणी गोठलेलं होतं. बहीण बसने आली होती. थांब्यावर वीस मिनिटं उभं राहावं लागलं, असं तिनेच सांगितलं होतं. तरी ताईने स्वतःची समजूत घातली. बसच्या सीटखाली हीटर असतो. पिशवी त्यावर ठेवली असेल. बूट घरी शेगडीजवळ असतील. चामडं ऊब धरून ठेवतं, बाबाच म्हणायचे. तिने बूट टेबलावर ठेवले, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम केलं, चहा प्याली. दोन तासांनी पुन्हा हात घातला.

ऊब तेवढीच होती. तिने आपला चहाचा कप चाचपून पाहिला. तो कधीच गार झाला होता.

४

मंगळवारी सकाळी रिंकचा मॅनेजर तिच्या दारात आला. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीत आपल्याला कुणीतरी बनवतंय असा त्याला कायम संशय.

"ताई, एक विचारू? राग मानायचा नाही. सोमवारी तुम्ही कुणाला आत सोडता का?"

"मी? सोमवारी मी घरी असते."

"चावी तुमच्याकडे आहे आणि माझ्याकडे आहे. माझी बायको मला सोमवारी घराबाहेर पडू देत नाही, सगळी साफसफाई त्याच दिवशी काढते. म्हणजे मी नाही." तो स्वतःच्या विनोदावर थोडा हसला, मग गंभीर झाला. "रविवारी खेळ संपल्यावर मी यंत्र फिरवून बर्फ आरशासारखा करून जातो. मंगळवारी येऊन बघतो तर रेघाच रेघा. गेले दोन महिने चाललंय. या, दाखवतो."

बर्फावर दिवे अजून लावले नव्हते. उंचावरच्या खिडक्यांतून पांढुरका उजेड येत होता. ताई कठड्यापाशी गेली आणि तिला पहिल्या नजरेतच कळलं. पहिली उडी. दुसरी. ते लांबच लांब पाठमोरं वळण. तिसऱ्या उडीआधी रेघ किंचित जाड झालेली, कुणी थबकल्यासारखी.

"पोरं घुसत असतील," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"पोरं? नीट बघा तरी. एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा गेलंय कुणीतरी. पाच वेळा, सहा वेळा. केसाचाही फरक नाही. माणसाला जमेल का हे?" मॅनेजर खाली वाकला. "आणि मला सांगा, हे बाई की बुवा जे कोण आहे, ते आत आलं कुठून?"

रिंकला एकच छोटं फाटक होतं. फाटकापासून बर्फाच्या मध्यापर्यंत कोरी, नितळ जागा होती. रेघा मधोमध सुरू होत होत्या आणि मधोमधच संपत होत्या. शेवटच्या ठिकाणी दोन पात्यांच्या खुणा शेजारीशेजारी होत्या, तिसऱ्या रांगेकडे तोंड करून.

ताईच्या मनात पाल चुकचुकली. पाच वेळा, सहा वेळा. काल दुपारी आपण किती वेळा आठवलं, ते तिने मोजून पाहिलं नाही. मोजायची तिची छाती झाली नाही.

५

गुरुवारी बहिणीची वाट न बघता ताई स्वतःच त्यांच्या घरी गेली. बहिणीने दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाली, जणू ही आज ना उद्या येणारच होती.

आतल्या खोलीत, खिडकीपाशी, चॅम्पियन बाई खुर्चीत बसल्या होत्या. साठीच्या, बारीक, केस कापलेल्या. गुडघ्यांवर घोंगडी. ताईला वाटलं होतं, समोर आल्यावर आपण रडू. तिला रडू आलं नाही. तिच्या मनात जे होतं त्याचा आणि या खुर्चीचा मेळच बसेना.

"पाच वर्षं झाली, उभी राहिलेली नाही मी," बाई म्हणाल्या. "कमरेचं हाड मोडलं, जोडलं, पुन्हा मोडलं. बसा ना."

"मग बूट..."

"दाखव गं हिला."

बहिणीने घोंगडी वर केली. पाय काटकुळे होते, पोटऱ्या सुकलेल्या. पण टाचा आणि अंगठ्यांच्या बाजू सोललेल्या होत्या. पाण्याने टरारलेले ताजे फोड होते, नव्या बुटांनी दिवसभर खेळल्यावर येतात तसे. पाच वर्षं जमिनीला न लागलेले पाय.

"सोमवारी जेवण झालं की हिला गुंगी येते," बहीण म्हणाली. "संध्याकाळी जागी होते तेव्हा पाय असे. बूट कपाटात असतात, पण ओले. डॉक्टर म्हणतात, अंथरुणाला घासून होतं. पहिल्यांदा पाती बोथट होती तेव्हा अख्खं अंग काळंनिळं झालं होतं. पडली होती म्हणे. म्हणून मग धार लावून आणायला लागले मी."

बाई ताईकडे निरखून बघत होत्या. "तुमचा लाल स्वेटर होता का कधी?"

ताईने होकारार्थी मान हलवली.

"झोपेत मला एक मुलगी दिसते. पापणी न लवता बघत बसलेली. आत्ता तुम्ही दारातून आलात ना, तशीच बघते. तुम्हाला माझं सगळ्यात काय आवडतं?"

"तिसरी उडी," ताई म्हणाली. शब्द आपोआप आले. अडतीस वर्षं ते कुणाला सांगायचे राहिले होते. ते वळण, ते थबकणं, वर जाताना जणू जमिनीशी काही देणंघेणं नसल्यासारखं ते वजन सोडून देणं. बाबा गेल्यावर कुणाशी चार वाक्यं सलग बोललेली नव्हती, ती बोलत राहिली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थबकायची ती भीतीने. त्याच उडीने माझी कंबर गेली. सव्विसाव्या वर्षी मी बूट काढले ना, त्या दिवशी मला इतकी शांत झोप लागली. आता साठाव्या वर्षी मला पुन्हा ती उडी घ्यावी लागते. पाच-सहा वेळा." त्यांनी हात पुढे करून ताईचं मनगट धरलं. हात कोरडा, हलका होता. "तुम्ही वाईट मनाने करत नाही, कळतं मला. पण तुम्ही मला बर्फावरून बाहेर जाऊच देत नाही हो. एकदा मला फाटकातून बाहेर पडलेली बघा. तेवढंच करा माझ्यासाठी."

निघताना बहिणीने बुटांची पिशवी ताईच्या हातात दिली. "हे आता या घरात नकोत."

बसमध्ये ताईने पिशवी मांडीवर घेतली आणि स्वतःशी हुज्जत घातली. म्हातारं माणूस, दुखण्याने खचलेलं, स्वप्न आणि खरं यांत गल्लत होते. बाबांचीही व्हायची. स्वेटर? तेव्हा निम्म्या मुलींचे लाल स्वेटर असत. तिची समजूत जवळजवळ पटत आली होती. पण मांडीला ऊब लागत होती, एखादं मांजर झोपल्यासारखी.

६

चार दिवस तिने तो नाच आठवायचा नाही असं ठरवलं. ठरवल्याने उलटंच झालं. भाजी चिरताना वळण यायचं, जिना चढताना थबकणं. दर वेळी ती काहीतरी मोठ्याने बोलायला लागायची, पाढे म्हणायची. सोमवार उजाडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, हे असं टाळून जमणार नाही. बाईंनी सांगितलं तसंच करायला हवं. शेवटपर्यंत आठवायचं, आणि शेवटाच्या पुढे जायचं.

दुपारी दोन वाजता तिने रिंकचं मागचं दार उघडलं. आपल्या खोलीत आली. बूट टेबलावर ठेवले. आपल्याच कामाच्या जागी बसावं म्हणजे धीर राहील, असा तिचा हिशोब. ती स्टुलावर बसली आणि तिने डोळे मिटले.

पहिली उडी.

झरोक्याच्या काचेपलीकडून सरसर आवाज आला.

तिने डोळे उघडले नाहीत. बर्फ थंडीने तडकतो, आवाज होतात, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? दुसरी उडी. आवाज तुटला, एका श्वासाएवढी शांतता, आणि खट्‌. मग लांबच लांब घासत जाणारं वळण, डावीकडून उजवीकडे, झरोक्याच्या पलीकडून. तिने आधार शोधायला हात पुढे केला तो टेबलावरच्या बुटाला लागला. चामडं ऊन होतं. नाडी कुणी बांधलेली नव्हती, तरी बूट ताठ, भरल्यासारखा उभा होता. तिने हात आत घालू पाहिला.

हात आत गेला नाही. आत जागाच नव्हती.

ताई उठून झरोक्याशी गेली. दिवे बंद होते. वरच्या खिडक्यांतला करडा उजेड बर्फावर पडला होता. तिला कुणी दिसलं नाही. दिसत होती ती फक्त नुकती सोडलेली जागा. बर्फाचा भुगा उडून खाली बसत होता. नजर तिथे पोचेपर्यंत पुढच्या ठिकाणी भुगा उडे. मधोमध येऊन सगळं थांबलं. टाळ्या नव्हत्या. कुठेतरी धाप लागल्यासारखा श्वास चालला होता, जड, म्हाताऱ्या माणसाचा.

आता, ती स्वतःला म्हणाली. आता फाटक.

तिने कधी न पाहिलेलं ते मनात उभं केलं. बाईंनी हात खाली घेतले. वळल्या. एक पाय टेकून पुढे ढकललं, मग दुसरा. आणि कोऱ्या बर्फावर, मध्यापासून फाटकाकडे, एक नवी रेघ उमटायला लागली. ती सरळ जात होती, हलकी, कसलीही कसरत नसलेली. ताईला इतकं हायसं वाटलं की तिचे डोळे भरून आले. फाटकाची कडी वाजली.

अजून एक पाऊल, की झालं. मग त्या जातील. मग पुढचा सोमवार येईल, त्याच्या पुढचा येईल, जेवण होईल, भांडी पालथी होतील आणि डोळे मिटल्यावर आत काहीच नसेल.

एकदाच मागे बघा, तिच्या मनात आलं. तिने ते मुद्दाम आणलं नव्हतं. तरी आलं.

कडीचा आवाज थांबला.

फाटकाशी काहीतरी वळलं. पाठ तरुण होती, खांदे ताठ, केसांचा अंबाडा घट्ट. तोंड मात्र खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या बाईंचं होतं, आणि त्या गाढ झोपेत होत्या. डोळे मिटलेले, ओठ जरासे विलग. तशाच झोपेत त्या तिच्याकडे बघत होत्या.

७

मंगळवारी मॅनेजर म्हणाला, "या खेपेला रेघा कमी आहेत हो. पण फाटकाशी दोन खड्डे पडलेत. कुणी तासन्‌तास उभं राहिल्यासारखे." त्याने यंत्र फिरवून ते बुजवले. दुपारपर्यंत पुन्हा दिसायला लागले. त्याने तिथे एक लाल खांब उभा केला आणि मुलांना त्या बाजूने जाऊ नका म्हणून सांगितलं.

गुरुवारी बहीण आली. हातात पिशवी नव्हती.

"सोमवारी गुंगी आली ती अजून उतरली नाही," ती म्हणाली. "श्वास चालू आहे. दवाखान्यात नेलं, सगळं ठीक आहे म्हणतात. नुसती झोपलीय. पाय मात्र गारठलेले असतात हो, कितीही पांघरलं तरी." तिने ताईच्या तोंडाकडे पाहिलं. "तिने सांगितलं होतं ते तुम्ही केलंत ना?"

"करतेय," ताई म्हणाली. "होईल."

याला आता चार महिने झाले. ताई दर सोमवारी दुपारी दोनला मागच्या दाराने आत येते आणि झरोक्याशी उभी राहते. आज एकच पाऊल पुढे टाकायला लावायचं, आज सोडून द्यायचं, असं घरून अगदी पक्कं करून निघते. तेवढं करणं तिच्या हातात आहे, हे तिला कळतं. बहिणीच्या डोळ्यांखालचं काळं वाढत चाललंय, तेही दिसतं.

पण काचेपाशी गेलं की फाटकाजवळचं ते मिटल्या डोळ्यांचं तोंड तिच्याकडे वळलेलं असतं. आणि जन्मात पहिल्यांदाच, तिच्या नुसत्या मनात आलं म्हणून, कुणीतरी मागे वळून पाहिलेलं असतं.